सायरा एक्स्पांडेड इटॅलिक: रुंद आहे, तिरका आहे, देवनागरीशेजारी मात्र जपून

रुंद आणि तिरका, असे दोन्ही गुण असलेला फॉन्ट शोधायला बसलं की यादी फार लवकर संपते. जे रुंद असतात ते बहुतेक सरळ उभे, आणि जे तिरके असतात ते नेहमीच्या रुंदीचे. मग डिझाइनर काय करतो? असलेला फॉन्ट आडवा ओढतो, वरून थोडा कलवतो आणि पुढे जातो. जिमच्या पाट्या, ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या, क्रिकेट स्पर्धांचे फ्लेक्स आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमचे बोर्ड यांवर अशी ओढाताण केलेली इंग्रजी अक्षरं पोत्याने सापडतील. सायरा हा फॉन्ट ती वेळ येऊ देत नाही. रुंदीही मुळातून आखलेली, तिरकेपणाही मुळातून आखलेला, आणि पैसे शून्य. मात्र तो नीट मागून घ्यावा लागतो, आणि मराठी मजकुराशेजारी बसवताना बरंच भान ठेवावं लागतं.

सायरा हे ब्यूनस आयर्सच्या ऑम्निबस-टाइप या फाउंड्रीचं (म्हणजे फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचं) काम, आखणी हेक्टर गात्ती यांची. परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा, म्हणजे जाहिरात, छपाई, ॲप, वेबसाइट, सगळीकडे चालतो. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. आज तो व्हेरिएबल रूपात मिळतो, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी आणि रुंदी हवी तशी सरकवता येते. जाडीचा अक्ष १०० ते ९००, रुंदीचा अक्ष ५० ते १२५ (१०० म्हणजे नेहमीची रुंदी). सरळ आणि इटॅलिक यांच्या फाइल वेगळ्या, आणि दोन्हींमध्ये दोन्ही अक्ष आहेत. आपल्याला हवा तो कोपरा म्हणजे इटॅलिक फाइल, रुंदी १२५. याच टोकाला 'एक्स्पांडेड' असं नाव आहे.

घराणं ओळखीचं आहे. इटलीत तोरिनोच्या नेबिओलो फाउंड्रीने १९५२ मध्ये मायक्रोग्रामा काढला, तो अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेझे यांचा. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. १९६२ मध्ये नोव्हारेझेंनी स्मॉल अक्षरांसह युरोस्टाइल केला. गोल ना चौकोन, जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखी 'ओ'ची आकृती या फॉन्टांनी रूढ केली आणि तेव्हापासून 'यंत्र', 'अवकाश', 'भविष्य' म्हटलं की हीच आकृती डोळ्यांपुढे येते. सायरा त्याच वाटेवरचा, पण नक्कल नव्हे. त्याचे खांदे जरा मऊ आहेत आणि छोट्या अक्षरांत तो युरोस्टाइलइतका ताठर वाटत नाही. साठ वर्षांपूर्वीचं भविष्य न दिसता आजचं यंत्र दिसावं, असं ज्याला हवं त्याला हा जास्त सोयीचा.

ओढलेला आणि आखलेला यांतला फरक

'एवढं कोण बघतो' हे उत्तर नेहमी मिळतं, म्हणून हिशेबच मांडू. कुठलंही अक्षर आडवं १२५ टक्के ओढलं की उभ्या रेघा सव्वापट जाड होतात, आडव्या रेघा आहेत तेवढ्याच राहतात. 'एच'चे दोन पाय जाड आणि मधली दांडी काडीसारखी, असं दिसायला लागतं. कोपऱ्यांची गोलाई लंबवर्तुळाकार होते, त्यामुळे चौकोनी घाटाच्या फॉन्टचा मुख्य गुणच बिघडतो. रुंदीचा अक्ष वापरला की उभ्या-आडव्या रेघांचं प्रमाण सांभाळलं जातं, आतली पोकळी तेवढी वाढते.

कलवण्याचंही तसंच. यंत्राने कलवलेल्या चौकोनी 'ओ'चा वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा टोकदार होतो, उरलेले दोन ढिले पडतात. गोल फॉन्टमध्ये हे एक वेळ खपतं. चौकोनी घाटात लगेच डोळ्यात खुपतं. शिवाय उभी रेघ कलल्यावर तिची खरी जाडी कमी होते: १२ अंशाला सुमारे २ टक्के, २० अंशाला ६ टक्के. आडव्या रेघेला काहीच होत नाही. आखलेल्या इटॅलिकमध्ये हे दोष दुरुस्त करून दिलेले असतात.

एक स्पष्ट करायला हवं. हे इटॅलिक म्हणजे सरळ अक्षरांचीच झुकलेली रूपं आहेत, लेखणीच्या वळणाची नव्हेत. तांत्रिक चेहऱ्याला हेच शोभतं. पण परिच्छेदातला एखादा शब्द वेगळा उठून दिसावा म्हणून हे इटॅलिक वापराल तर फार काही उठणार नाही. तिथे जाडी बदलावी. कोनासाठी अक्षही नाही. 'थोडं कमी तिरकं' असं ग्राहक म्हणाला तर मधला पर्याय नाही, एकतर सरळ नाहीतर तिरका.

जाडीत आमची पसंती ६०० ते ८०० ला. १०० आणि २०० पडद्यावर मोठ्या आकारात देखणे दिसतात, पण फ्लेक्सच्या छपाईत आणि लांबून वाचताना नाहीसे होतात. ९०० ला आतली पोकळी आवळते. एकदोन शब्दांच्या लोगोला ठीक, वाक्याला नको. पूर्ण मजकूर या कोपऱ्यात लावायचा विचारही करू नये. रुंद अक्षरांची ओळ लांबते, डोळा दमतो. मथळा, आकडा, मॉडेलचं नाव, बटण, जर्सीवरचा क्रमांक, एवढंच याचं राज्य. मजकुरासाठी याच कुटुंबातला सरळ, १०० रुंदीचा सायरा घ्यावा.

चौकोनी घाटाचा जन्मजात दोष इथेही आहे: 'ओ' आणि शून्य, 'एस' आणि पाच, 'बी' आणि आठ ही जोडपी एकमेकांजवळ येतात, आणि तिरकेपणात आणखी जवळ. पार्ट नंबर, कूपन कोड, सीरियल नंबर यांना हा फॉन्ट लावू नये. निदान लावण्याआधी ही सहाही अक्षरं मिसळून, प्रत्यक्ष छपाईच्या आकारात, एकदा हाताच्या अंतरावरून वाचून पाहावीत.

वेबसाइटवर लावताना

सर्वांत जास्त होणारी चूक: गूगल फॉन्ट्सवरून सायरा जोडला, सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांत) फॉन्ट-स्ट्रेच, म्हणजे रुंदी, १२५ टक्के लिहिलं, आणि काहीच घडलं नाही. कारण गूगलच्या दुव्यात रुंदीचा अक्ष मागितलेलाच नसतो. अक्ष मागितला नाही तर तुम्हाला फक्त १०० रुंदी मिळते. त्यापुढे कितीही आकडे लिहा, ब्राउझर लॅटिन, म्हणजे इंग्रजी लिपीची, अक्षरं स्वतःहून रुंद करत नाही. तिरकेपणात उलटं होतं. इटॅलिक मागितलं नसेल तर ब्राउझर गप्प बसत नाही, तो सरळ फाइलच कलवून दाखवतो. सीएसएसच्या नियमात यासाठी ठरलेला कोन १४ अंशांचा आहे. पान 'चालतंय' असं वाटतं, पण दिसतो तो नकली तिरकेपणा. म्हणजे एक चूक दिसते आणि दुसरी लपते. लपणारी जास्त महाग पडते.

दुव्यात अक्षांची नावं वर्णक्रमाने द्यावी लागतात: आधी इटॅलिक, मग विड्थ, मग वेट. क्रम चुकला तर विनंती नाकारली जाते आणि फॉन्ट येतच नाही. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली असेल तर सीएसएसमध्ये फाइलची ओळख करून देणाऱ्या फॉन्ट-फेसच्या नोंदीत रुंदीचा पल्ला ५० ते १२५ टक्के आणि जाडीचा १०० ते ९०० असा लिहावा. तो लिहिला नाही तर फाइलमध्ये अक्ष असूनही ब्राउझर त्याला हात लावत नाही. नकली तिरकेपणा पकडायचा असेल तर तात्पुरतं फॉन्ट-सिंथेसिस 'नन' करावं, म्हणजे ब्राउझरला स्वतः अक्षरं कलवायला मनाई करावी. अक्षरं सरळ उभी राहिली, तर खरी इटॅलिक फाइल आलेलीच नाही.

रुपयाच्या चिन्हाची एक गंमत आहे. गूगल फॉन्टची फाइल तुकड्यांत देतो. युरोचं चिन्ह मूळ लॅटिन तुकड्यात असतं, ₹ मात्र 'लॅटिन एक्स्टेंडेड'मध्ये मोडतं. गूगलचा दुवा वापरलात तर पानावर ₹ दिसताच तो तुकडा वेगळा मागवला जातो, काळजी नाही. पण फाइल हलकी करायला स्वतःच फक्त मूळ लॅटिन तुकडा ठेवलात तर किंमत रुंद-तिरकी आणि तिच्यापुढचं ₹ दुसऱ्याच फॉन्टमधलं, असा प्रकार होतो. किमतींचं पान असेल तर हे पहिल्यांदा तपासावं.

अजून दोन बारीक गोष्टी. कॅपिटल अक्षराची उंची फॉन्टच्या आकाराच्या सुमारे ०.७ पट धरली आणि कोन १२ अंश धरला, तर शेवटच्या अक्षराचा माथा तळापेक्षा साधारण ०.१५ एम (एक एम म्हणजे फॉन्टच्या आकाराइतकं अंतर) उजवीकडे जातो. चौकटीबाहेरचं लपवणारं ओव्हरफ्लो हिडन लावलं असेल तर तेवढा तुकडा कापला जाऊ शकतो, उजवीकडे ०.१५ ते ०.२ एम पॅडिंग ठेवावं. दुसरं, फॉन्ट येईपर्यंत दिसणारा पर्यायी फॉन्ट सहसा अरुंद असतो. सायरा आला की एका ओळीचा मथळा दोन ओळींत जातो आणि खालचं सगळं पान उडी मारतं. पर्यायी फॉन्टला साइज-ॲडजस्ट या सीएसएस सूचनेने मोठं करून ओळीची लांबी आधीच जुळवून घ्यावी, किंवा मथळ्याला दोन ओळींची जागा राखून ठेवावी.

छपाई, कोरल आणि रेडियम

गूगलकडून उतरवलेल्या झिपमध्ये व्हेरिएबल फाइलींबरोबर 'स्टॅटिक' नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक रुंदी आणि जाडीची सुटी फाइल. इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत व्हेरिएबल फाइल सरळ चालते, पट्टी सरकवून रुंदी निवडता येते. जुना कोरल (कोरलड्रॉ) असेल तर व्हेरिएबल फाइल टाकण्यात अर्थ नाही. ती एकाच, मूळ रुंदीत दिसते. वर्डलाही सुट्या फाइलीच द्याव्यात. सगळ्याच फाइली इन्स्टॉल करू नयेत, फॉन्टची यादी गुडघाभर लांब होते. एक्स्पांडेडच्या रेग्युलर, सेमीबोल्ड आणि बोल्ड, प्रत्येकाचं इटॅलिक, बस्स. आणि व्हेरिएबल व स्टॅटिक एकाच वेळी टाकू नयेत. नावं एकमेकांत गुंततात आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की भलतीच जाडी येते.

रेडियम कापायला देणाऱ्यांनी पुढचं नक्की वाचावं. व्हेरिएबल फॉन्टमध्ये अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले असू शकतात. पडद्यावर आणि छपाईत ते कळत नाही, कारण सगळं एका रंगाने भरलेलं असतं. पण कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा बनवून, प्लॉटरला (कापणाऱ्या यंत्राला) दिलं की पातं प्रत्येक बाह्यरेषेवरून फिरतं आणि अक्षराच्या पोटातूनच चीर जाते. कर्व्ह केल्यावर कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट करावं, आणि मग फक्त बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात प्रत्येक अक्षर तपासावं. वेबवर अक्षरांना नुसती कडा दिली तरी हाच दोष पोटातल्या रेघांच्या रूपाने दिसतो.

तिरक्या अक्षरांचे अणकुचीदार कोपरे, म्हणजे इंग्रजी 'ए', 'व्ही', 'झेड' आणि सात यांची टोकं, गाडीवर सर्वांत आधी उचकटतात. धुताना पाण्याचा फवारा तिथूनच आत शिरतो. टोकाला किंचित गोलाई द्यावी. लांबून फरक कळत नाही आणि स्टिकर टिकतं. चिकटवताना मास्किंग टेप घेऊन तळाची ओळ सरळ धरावी. तिरक्या अक्षरांत डोळा उभ्या रेघेवर भरवसा ठेवू शकत नाही, त्यामुळे पट्टी जरा जरी वाकडी बसली तरी ती चढण किंवा उतार वाटते. आणि नंबर प्लेटवर हे करू नये: फॅन्सी अक्षरांना मोटार वाहन नियमांत परवानगी नाही, आणि १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना तर हाय सिक्युरिटी प्लेटच बंधनकारक आहे.

देवनागरीशेजारी

खरी कसोटी इथे आहे. सायरामध्ये देवनागरी नाही. मराठी मथळ्यात ब्रँडचं नाव इंग्रजीत आलं की दोन फॉन्टांचा संसार सुरू होतो. काही ठरवलं नाही तर विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, असं जे हाताशी असेल ते देवनागरीला लागतं. आणि पूर्ण मथळ्यालाच इटॅलिक लावलं असेल तर त्या देवनागरीला तिरकी फाइल नसल्यामुळे ब्राउझर तीही कलवून मोकळा होतो.

कललेल्या देवनागरीत नेमकं काय होतं? शिरोरेघ आडवी असल्याने तिची जाडी तशीच राहते, काने मात्र बारीक होतात आणि अक्षर वरून जड दिसू लागतं. शिरोरेघेच्या वर असलेला रफार, अनुस्वार आणि वेलांटीचा माथा उजवीकडे सरकतात. खालचा उकार डावीकडे. 'वर्षा', 'कर्मचारी' अशा शब्दांत रफार पुढच्या अक्षराच्या हद्दीत गेल्यासारखा वाटतो. ट, ठ, ढ यांची गोलाई एका बाजूला लोंबते. लॅटिन लिपीत इटॅलिकला शतकांची परंपरा आहे. देवनागरीत जोर द्यायला आपण ठळक अक्षर वापरत आलो आहोत. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: इंग्रजी तिरकं असू द्या, मराठी सरळ ठेवा. दोन्ही सारखंच कलवल्याने जोडी जमत नाही. रुंदी आणि जाडी जुळल्याने जमते. ग्राहक हट्टच धरत असेल तर देवनागरी ८ अंशांपलीकडे नेऊ नये, आणि रफार-उकार हाताने जागेवर आणावेत.

रुंदी जुळवायला आज उत्तम सोबती आहे तो मुंबईच्या 'एक टाइप' या फाउंड्रीचा 'अनेक देवनागरी' हा फॉन्ट. त्याचा रुंदीचा अक्ष ७५ ते १२५, जाडीचा १०० ते ८००. तोही मोफत. सायरा १२५ ला तर अनेकही १२५ ला, असं सुरू करावं. जाडीचा आकडा मात्र तोच ठेवू नये. देवनागरीत रेघांची दाटी जास्त, त्यामुळे त्याच आकड्याला मराठी काळं दिसतं. सायरा ७०० असेल तर अनेक ६०० ते ६५० पासून पाहावा. सायरा ९०० ला तर जोडच नाही, कारण अनेक ८०० ला थांबतो. आकारात इंग्रजी थोडं कमी करावं लागतं, कारण रुंद कॅपिटल अक्षरं शेजारच्या मराठीवर चढाई करतात. ९० टक्क्यांपासून सुरुवात करून डोळ्याने ठरवावं.

अक्षरांमधलं अंतर हा मोठा सापळा. रुंद कॅपिटल मथळ्याला २ ते ४ टक्के अंतर वाढवायचा मोह होतो आणि लहान आकारात ते शोभतंही. पण तेच लेटर-स्पेसिंग मराठीला वारशाने लागलं की शिरोरेघ तुटते. प्रत्येक अक्षर सुटं, जणू दात पडलेत. इंग्रजी शब्दाला वेगळं स्पॅन (कोडमधली छोटी खूण) देऊन अंतर तेवढ्यापुरतं ठेवावं, मराठीला शून्य. ओळींमधलं अंतरही असंच. नुसत्या कॅपिटल अक्षरांना फॉन्टच्या आकाराच्या १.०५ पट पुरतं, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो, म्हणून दोन ओळींचा मथळा १.३५ च्या खाली नेऊ नये.

आकड्यांचं आधी ठरवून टाकावं. फॉन्टांच्या यादीत सायरा पहिला असेल तर इंग्रजी आकडे त्यातून येणार, रुंद आणि तिरके. देवनागरी आकडे अनेकमधून, सरळ. एकाच पोस्टरवर तारीख एका लिपीत आणि बक्षिसाची रक्कम दुसऱ्या लिपीत असेल तर ती घाई वाटते. स्पर्धेच्या बॅनरवर आकडाच नायक असेल तर इंग्रजी आकडे वापरून सायराला पुढे करावं, नाहीतर सगळे देवनागरी. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायलाही विसरू नये. ज्या देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते ती रूपं भाषा कळल्याशिवाय दाखवत नाहीत.

पर्याय

सायरा चौकोनी वाटत असेल तर ऑम्निबस-टाइपचाच आर्किव्हो पाहावा. रुंदी ६२ ते १२५, जाडी १०० ते ९००, इटॅलिकही आहे. तो वर्तमानपत्री घाटाचा, तांत्रिकपणा कमी, पण बोर्डावर जास्त वाचनीय. रोबोटो फ्लेक्समध्ये रुंदी २५ ते १५१ आणि कोनाचा वेगळा अक्ष, १० अंशांपर्यंत. कोन हाताने ठरवायचा असेल तर तोच घ्यावा, फक्त त्याचा चेहरा साधा आहे आणि इतके अक्ष सांभाळणं छोट्या कामाला जड जातं. मायक्रोग्रामाची आठवण हवी असेल तर मिक्रोमा मोफत आहे, पण एकच जाडी आणि तिरकं रूप नाही. ऑर्बिट्रॉनलाही इटॅलिक नाही, आणि विज्ञान प्रदर्शनाच्या पोस्टरांवर त्याची इतकी रेलचेल झाली आहे की आता ते नकोसं वाटतं. एक्सो २ ला इटॅलिक आहे, पण रुंदीचा अक्ष नाही. विकतच्या युरोस्टाइलकडे जायचं असेल तर पैसे भरण्याआधी यादी नीट वाचावी: कुटुंबाच्या नावात रुंद आणि तिरके दोन्ही प्रकार दिसले, म्हणून 'रुंद-तिरका' हा एकत्र प्रकार असेलच असं नाही.